हिरवं बटण, लाल बटण आणि गॅलरीतली आई

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. दह्याचे रिकामे डबे ओट्याखाली साठतात, टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात, तसं असतं हे. ॲन आर्बरला माझ्या नणंदेकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणतंच, "कुमुद, तुझ्या त्या आमदाराचं सांग ना!" मग मी सांगते, सगळे हसतात, मीही हसते. पण खरं सांगू? तेव्हा मी एकदाही हसले नव्हते. तेव्हा माझी नुसती पाचावर धारण बसलेली असायची.

एक तर मी जात्याच भित्री. नागपूरला माहेरी मला भागूबाईच म्हणायचे. आणि अशा भागूबाईला नोकरी कुठे मिळाली? तर ऐंशीच्या दशकात, अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेत, एका आमदाराच्या ऑफिसात! राज्याचं नाव सांगणार नाही. त्यातले काही लोक अजून हिंडते-फिरते आहेत, आणि मी अजून भित्रीच आहे.

माझा नवरा वसंत मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर होता, त्याला ले-ऑफ मिळालेला. घर माझ्या पगारावर आणि दोघांचा हेल्थ इन्शुरन्स माझ्या नोकरीवर. साहेब निवडणूक हरले की माझी नोकरी गेली, नोकरी गेली की इन्शुरन्स गेला. त्यामुळे साहेबांना मतदारांची जेवढी धास्ती, तेवढीच मलाही.

साहेबांचं नाव फ्रँक. "मला फ्रँक म्हण," असं ते रोज सांगायचे आणि मी रोज म्हणायचे, "येस, सर." त्यांचा मतदारसंघ म्हणजे अर्धे कारखान्यातले कॅथलिक कामगार आणि अर्धे युनिव्हर्सिटीवाले. रस्ते, पूल, बजेट यावर साहेब वाघ! पण गर्भपात, घटस्फोट, शाळेतली प्रार्थना असं 'फॅमिली'चं बिल आलं, की वाघाच्या पोटात आग पडायची. आम्ही त्या दिवसाला 'अँटॅसिड डे' म्हणायचो. टेबलावर गोळ्यांची नळी दिसली की मी सगळ्यांचे कोट दाराजवळ आणून ठेवायचे. उगाच. पळायला लागलं तर हाताशी असावेत.

*

साहेबांकडे एक रामबाण वाक्य होतं. "काळजी करू नका, मी योग्य तेच करीन!"

एका सकाळी प्रो-लाइफवाल्या, म्हणजे गर्भपाताच्या विरोधातल्या, बायका भेटायला आल्या. साहेबांनी त्यांचे हात हातात घेतले. "मी योग्य तेच करीन!" बायका खूश. त्या जातात न जातात तोच दुसऱ्या बाजूच्या बायका आल्या. साहेबांनी त्यांचेही हात हातात घेतले. "मी योग्य तेच करीन!" त्याही खूश.

घोटाळा असा झाला, की पहिल्या बायका खाली कॉफी प्यायला थांबल्या होत्या. लिफ्टच्या दाराशी दोन्ही गटांची गाठ पडली. पाच मिनिटांनी लिफ्ट परत वर आली आणि सगळ्याजणी एकत्र आमच्या दिशेनं चालत येताना दिसल्या. 

साहेबांनी आतल्या दारातून डोकं काढलं. "कुमुद, मी ऑफिसात आहे का?"

"नाही, सर."

"शाब्बास," म्हणाले, आणि कोटांच्या कपाटात शिरून त्यांनी आतून दार ओढून घेतलं.

बायका सोफ्यावर बसल्या. सगळ्या एकाच सोफ्यावर, दाटीवाटीनं. साहेब येईपर्यंत हलणार नाही म्हणाल्या. मी टाइप करत होते, म्हणजे तीच ओळ परत परत बडवत होते. अर्धा तास गेला असेल, आणि कपाटातून एक जोरदार शिंक आली!

दोन्ही पक्षांच्या बायका एका सुरात म्हणाल्या, "गॉड ब्लेस यू, फ्रँक!"

*

निवडणुकीच्या आधीच्या रविवारी चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये प्रत्येक गाडीच्या वायपरखाली एक कागद अडकवलेला असायचा. कुठला आमदार फॅमिलीच्या बाजूनं आणि कुठला विरोधात, ते त्यावर छापलेलं. साहेब त्या कागदाला जितके भ्यायचे तितके पोलिसालाही भीत नसतील. प्रार्थना चालू असतानाही त्यांचं अर्धं लक्ष बाहेर गाड्यांकडे.

एका वर्षी त्यांच्या नावापुढे छापून आलं, 'फॅमिलीविरोधी'!

 कारण काय, तर एका महत्त्वाच्या मतदानाला ते गैरहजर होते, आणि गैरहजर म्हणजे विरोधात असा त्या लोकांचा हिशेब. आणि गैरहजर का? तर त्यांच्या बायकोचं, मोरीनचं, सातवं बाळंतपण चालू होतं. साहेब हॉस्पिटलात तिचा हात धरून उभे होते.

साहेब तो कागद नाचवत घरी गेले. मोरीन बाळाला पाजत होती. तिनं कागद शांतपणे वाचला, साहेबांना परत दिला आणि म्हणाली, "सॉरी हं, फ्रँक. पुढच्या खेपेला मतदान संपेपर्यंत कळा धरून ठेवीन."

*

आता लॉइडचं सांगते. लॉइड म्हणजे सभागृहात साहेबांच्या शेजारी बसणारा आमदार. शेतकरी भागातला, अबोल माणूस. तिथे प्रत्येकाच्या टेबलावर दोन बटणं असायची. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर भल्या मोठ्या बोर्डावर आपल्या नावापुढे त्या रंगाचा दिवा लागणार. अख्खं जग बघणार!

उन्हाळ्याच्या सुट्टीत सभागृहातली टेबलं बदलली. सुट्टीनंतर पहिलंच बिल आलं ते फॅमिलीचं. अशा बिलांना लॉइडचं मत कायम 'हो'. त्यानं सवयीनं बटण दाबलं आणि बोर्डावर दिवा लागला लाल! वर प्रेक्षकांच्या गॅलरीत लोकांनी श्वास रोखला.

साहेब कुजबुजले, "लॉइड! लाल!"

"माहितेय," लॉइड म्हणाला. पण त्याच्या कपाळावर घाम.

दुसऱ्या दिवशी विरोधकांकडून त्याला फुलं आली आणि स्वतःच्या लोकांकडून शिव्या. बिचारा दोन वर्षं जीव मुठीत धरून जगला. आणि निवडणूक झाली तेव्हा पूर्वी कधी नाही एवढ्या मतांनी निवडून आला! लोक म्हणाले, असा विचार बदलण्याची हिंमत असलेला माणूस पाहिजे.

साहेबांनी त्याला एकदा बाजूला घेऊन विचारलंच, "एवढं धैर्य आणलंस कुठून?" लॉइडनं इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं, "फ्रँक, मला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. इतकी वर्षं डावं बटण दाबत होतो. त्या मेल्यांनी नव्या टेबलावर बाजू बदलली!"

साहेब ऑफिसात आले, दार लावलं आणि हळूच मला म्हणाले, "कुमुद, मला रंग नीट दिसतात हे तू कुणाला सांगितलेलं नाहीस ना?"

*

सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं बरं. फोन यायचे. कुणी नुसताच श्वास घेत राहायचं. कुणी अगदी गोड आवाजात सांगायचं, "फ्रँकला सांग, त्याची निळी गाडी कुठे उभी असते ते आम्हाला माहीत आहे." दोन्ही बाजूंचे असायचे असे, एका बाजूला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एकानं माझे उच्चार ऐकून विचारलं, "तू कुठली गं? आणि तुझी गाडी कुठली?" त्या दिवसापासून मी गाडीत बसण्याआधी खाली वाकून बघायला लागले. काय बघायचं ते ठाऊक नव्हतं, तरी बघायचे.

अशातच एका सकाळी ऑफिसच्या दाराशी एक खोका. सुतळीनं करकचून बांधलेला, वर नाव ना गाव. हात लावला तर गरम! मी जी किंचाळले, ती तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेली म्हणे. सिक्युरिटी आली, अख्खा मजला रिकामा केला, खोका काठीनं ढकलत बाहेर बर्फात नेला. आम्ही सगळे कुडकुडत लांब उभे. गार्डनं देवाचं नाव घेऊन सुतळी कापली.

आत टॉवेलात गुंडाळलेलं भांडं होतं, आणि भांड्यात कोबीच्या पानात खिमा-भात भरून केलेल्या सुरळ्या. वाफाळत होत्या.

मागून आवाज आला, "माझ्या मुलाचं जेवण बर्फात का ठेवलंय?"

साहेबांची आई! ॲग्नेस तिचं नाव. सत्तरी उलटलेली, माझ्या खांद्याएवढी, डोक्यावर हॅट, हातात जपमाळ. खोका दाराशी ठेवून बाई जरा हात धुवायला गेली होती. तिनं पर्समधून काटा काढला आणि गार्डच्या हातात दिला. "आता उघडलंच आहेस तर खा."

गार्डनं एक घास घेतला.

"मीठ बरोबर आहे?"

"येस, मॅम."

"मग बॉम्ब नाही," म्हातारी म्हणाली.

*

या म्हातारीला मी सगळ्यात जास्त भ्यायचे. मी काय, साहेबही भ्यायचे. फॅमिलीचं किंवा गर्भपाताचं बिल असलं, की ती सकाळची बस पकडून यायची आणि गॅलरीत पहिल्या रांगेतल्या कोपऱ्याच्या खुर्चीवर बसायची. खुणा नाही, इशारा नाही, काही नाही. नुसती बसायची. पण साहेब बटण दाबण्याआधी मान वर करून आधी आईकडे बघायचे, मग बोर्डाकडे, मग बटणाकडे. पत्रकार म्हणायचे, "बाकीच्यांच्या टेबलावर दोन बटणं, फ्रँकला तीन. तिसरं गॅलरीत बसतं."

एकदा मात्र साहेबांनी शक्कल काढली. बिल इतकं अडचणीचं होतं, की मतदानाच्या वेळी ते गायबच झाले. पण तिथे एक नियम असतो. सभापतींनी हुकूम दिला की सभागृहाची दारं बंद होतात, आणि गैरहजर आमदारांना शोधून पकडून आणायला सार्जंट सुटतात. आमच्या ऑफिसात भिंतीवर एक स्पीकर होता, सभागृहातलं सगळं त्यावर ऐकू यायचं. मी ऐकत बसलेले. सार्जंटनी कॅफेटेरिया बघितला, लायब्ररी बघितली, आमच्याकडे येऊन कोटांचं कपाटसुद्धा उघडून बघितलं. साहेब कुठेच नाहीत.

आणि मग स्पीकरवर, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असा, वरून म्हातारीचा आवाज आला. "बायकांच्या बाथरूममध्ये बघा! लहानपणी मार चुकवायला बहिणींच्या बाथरूममध्येच लपायचा!"

निघाले की हो तिथेच! सार्जंट त्यांना घेऊन आला. सभापतींनी रीतसर विचारलं, "सन्माननीय सदस्य कुठे होते?"

साहेब टाय सरळ करत म्हणाले, "महिलांच्या समस्या समजून घेत होतो."

*

मग अडतिसाव्या वर्षी मला दिवस राहिले. आधी दोनदा राहून टिकले नव्हते, म्हणून मी ऑफिसात अवाक्षर बोलले नव्हते. पण पोट काय लपतंय!

साहेबांना खरंच आनंद झाला. पण आमदार तो आमदार. प्रो-लाइफवाले यायचे असले की म्हणायचे, "कुमुद, आज तुझं टेबल बाहेर दाराजवळ घेऊ या." हसरा चेहरा आणि गोल पोट! दुसऱ्या बाजूचे यायचे असले की, "कुमुद, आज तू आत फायलिंग कर." मी निमूट टेबल ढकलायचे. नोकरी टिकवायची होती ना.

एकदा दोघांनाही एकच वेळ दिली गेली. साहेब घामाघूम झाले. मला बाहेर काढलं, आत नेलं, परत बाहेर काढलं. शेवटी टेबल दाराच्या चौकटीतच अडकलं! लोक आले तेव्हा माझा टाइपरायटर आत होता आणि पोट बाहेर.

साहेब दोन्ही गटांना म्हणाले, "आमचं ऑफिस सर्वांसाठी खुलं आहे."

*

त्याच सुमारास दोन गोष्टी एकदम झाल्या.

माझ्या वयामुळे डॉक्टरांनी एक टेस्ट करायला लावली. पोटात लांब सुई घालून पाणी काढतात आणि बाळात काही गंभीर दोष नाही ना ते बघतात. आधीच्या तपासणीत त्यांना काहीतरी शंकास्पद वाटलं होतं. रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. आणि तेवढ्यात सभागृहात बिल आलं, की सरकारी कर्मचाऱ्यांच्या इन्शुरन्समधून गर्भपाताचा खर्च द्यायचा नाही. म्हणजे माझ्याच इन्शुरन्सचं! ते बिल मीच टाइप केलं. कायदा पास होऊन लागू व्हायला कितीतरी महिने जातात हे मला पाठ होतं. पण भीतीला कुठे कळतं ते? रात्री वसंत विचारायचा, "रिपोर्ट वाईट आला तर काय करायचं गं?" मी पाठ फिरवून झोपायचे. मला बाळ हवं होतं. इतकं हवं होतं, की पुढचा विचार करायलासुद्धा मी घाबरत होते.

एक दिवस ॲग्नेस डबा घेऊन आली. साहेब नव्हते. फोन वाजला, मी दचकले. परत वाजला, परत दचकले. म्हातारी बघत होती.

"सुईवाली टेस्ट केलीस ना?"

 या बाईसमोर खोटं तरी काय बोलणार? म्हटलं, "हो."

"वाईट निघालं तर काय करशील?"

"माहीत नाही, मॅम." आणि मला रडूच फुटलं. वाटलं, संपलं. आता ही साहेबांना सांगणार, नोकरी जाणार, सगळं जाणार.

म्हातारीनं पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "तुझ्यावर ते ठरवायची वेळच येऊ नये, अशी मी रोज प्रार्थना करीन." दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "फ्रँकला सांगू नकोस. बेशुद्ध पडेल."

*

आणि मग तो दिवस. मतदान दुपारी. नर्सचा निरोप आलेला, की रिपोर्ट आलाय, डॉक्टर बघतायत, दुपारी ऑफिसात फोन करते. वसंत इंटरव्ह्यूसाठी दुसऱ्या गावी गेलेला. मतदानाची घंटा झाली तशी सगळी मंडळी सभागृहाकडे पळाली. जाताना साहेबांनी चार गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. निकाल एक-दोन मतांनी इकडे नाहीतर तिकडे जाणार होता, आणि दोन्ही बाजूंना साहेब सांगून बसले होते, "योग्य तेच करीन!"

ऑफिसात मी एकटी. समोर फोन. भिंतीवर स्पीकर खरखरतोय.

दार उघडलं. ॲग्नेस! गॅलरीत जायची हॅट घालून.

मी म्हटलं, "मॅम, घंटा झाली. गॅलरीत तुमची खुर्ची..."

तिनं हॅट काढून माझ्या टाइपरायटरवर ठेवली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "आला फोन?"

"नाही."

"हा भोंगा बंद कर. फोन ऐकू येणार नाही."

मी स्पीकर बंद केला. तिनं एका हातात जपमाळ घेतली, दुसऱ्या हातात माझा हात. तिचाही हात गारठला होता. त्यानं मला आणखीच भीती वाटली.

फोन वाजला.

 म्हातारीनं कोपरानं ढोसलं तेव्हा कुठे मी रिसीव्हर कानाला लावला. नर्स नव्हती. सभागृहातल्या टेबलावरून साहेब होते. "कुमुद! आईची खुर्ची रिकामी आहे! बरी आहे ना ती? मतदान सुरू झालंय! सगळे माझ्याकडे बघतायत!"

म्हातारीनं रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला. "फ्रँक, लाइन मोकळी कर. आम्ही एका महत्त्वाच्या फोनची वाट बघतोय." आणि खाली ठेवून दिला!

आम्ही दोघी बसून राहिलो. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. तिचे ओठ हलत होते. मीही रामरक्षा सुरू केली, पण अर्ध्यावर विसरले आणि परत पहिल्यापासून म्हणायला लागले.

फोन पुन्हा वाजला. या वेळी मी पहिल्या रिंगला उचलला. नर्स बोलत होती. मी ऐकलं, पण माझा विश्वास बसेना, म्हटलं परत सांगा. तिनं परत सांगितलं. मग मी खाली गालिच्यावरच बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. म्हातारी घाबरली. तिनं रिसीव्हर उचलून नर्सला दरडावलं, "मला सांग. हळू सांग." ऐकलं, डोळे मिटले, आणि रिसीव्हर अलगद जागेवर ठेवला.

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. साहेब! जिना पळत चढून आलेले, टाय खांद्यावर, चेहरा पांढरा, धाप लागलेली.

"आई! आई, ऐकून घे. मी जे बटण दाबलं ना, ते का दाबलं..."

"मुलगी आहे, फ्रँक," म्हातारी म्हणाली. "धडधाकट!"